नंदूची स्पॅनिश वाइन आणि माझा गुरुवार

दुबईहून परतलेल्या माणसाने काय लिहावं हे वाचणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. सोनं, गुळगुळीत रस्ते, आणि शेवटी 'पण आपल्या मातीची सर नाही'. आमच्या व्यसनमुक्ती समितीच्या मासिकाने तर मी निघायच्या आधीच चार पानं राखून ठेवली होती आणि शीर्षकही देऊन टाकलं होतं : 'वाळवंटातले निर्व्यसनी पंधरा दिवस'. संपादकांचा दोष नाही. मी त्या समितीचा आठ वर्षं अध्यक्ष होतो आणि असल्या शीर्षकांची चटक मीच त्यांना लावली होती. परत आल्यावर मी जे लिहून दिलं ते त्यांनी न छापता परत केलं, सोबत प्रकृतीची चौकशी करणारी एक चिठ्ठी जोडून. तोच मजकूर इथे देतो आहे.

बुधवार, बर दुबई

माझा धाकटा भाऊ नंदू विमानतळावर घ्यायला आला होता. चौदा वर्षांनी भेटत होतो. पोट सुटलं होतं, कपाळ मागे सरकलं होतं. त्याने गाडीची किल्ली हातात धरूनच वाकून नमस्कार केला.

"प्रवास कसा झाला दादा?"

"बरा झाला."

चौदा वर्षांचं बोलणं एवढ्यात उरकलं. मग आम्ही दोघेही सामानाच्या ढकलगाडीकडे फार लक्ष द्यायला लागलो.

मला आईने पाठवलं होतं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, कानांनी अधू. सून आणि नात तिने फोटोतच पाहिलेल्या. "त्याला घेऊन ये," एवढंच तिने मला सांगितलं होतं. नंदू का येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, निदान माहीत आहे असं सगळे समजत होते. खरं कारण फक्त मला ठाऊक होतं, आणि मी ते रत्नागिरीपासून दुबईपर्यंत जपून आणलं होतं.

नंदूचं घर मीना बाजारातल्या कापडाच्या दुकानांमागे, चौथ्या मजल्यावर. बायको वैशाली, ठाण्याची. मुलगी रुचा, दहा वर्षांची, जन्मच तिथला. मी तिला विचारलं, "मला ओळखलंस का?"

"ऑब्व्हियस्ली, काका. यू आर इन द फोटो."

पाणी घ्यायला मी फ्रिज उघडला आणि हात तसाच राहिला. खालच्या कप्प्यात पाच बाटल्या आडव्या निजल्या होत्या. लांब मानेच्या, फिकट हिरव्या.

आम्ही गावात सांगायचो, नंदू हॉटेलात असतो. तो एका मोठ्या हॉटेलातल्या सगळ्या दारूच्या कोठाराचा प्रमुख होता. कुठल्या देशातली कुठली वाइन घ्यायची आणि कुठल्या पदार्थाबरोबर वाढायची हे तो ठरवायचा. चौदा वर्षांपूर्वी दारूच्या बाटलीपायी घराबाहेर काढलेल्या मुलाला ही नोकरी मिळावी, यात कुणाची तरी थट्टा होती. तेव्हा मला वाटलं त्याची असावी.

"पितोस?" मी विचारलं. अध्यक्षांच्या आवाजातच विचारलं असणार.

"थेंबसुद्धा नाही."

"मग ह्या?"

"तोंडात घेतो, फिरवतो, थुंकतो. आमच्या धंद्यात तसंच करतात."

"भाऊजी, इथे दारूचा परवाना पोलीस देतात," वैशाली म्हणाली. "कंपनीचं पत्र लागतं, पगार बघून महिन्याचा कोटा मिळतो. लोक तो पुरत नाही म्हणून रडतात. आणि आमचे हे? पोलिसांच्या शिक्क्यानिशी थुंकतात."

सगळे हसले. मी हसलो नाही, आणि का हसलो नाही ते लिहितो. तो पीत असता तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं. पिऊन थोडासा वाया गेलेला असता तर माझं ओझं निम्मं झालं असतं.

कारण ती बाटली माझी होती.

गणपतीच्या आधी बाबा माळ्यावरून मखर काढायला चढले आणि मखरामागून रमची बाटली हातात घेऊन उतरले. वार गुरुवार. आमच्याकडे गुरुवार दत्ताचा. त्या दिवशी घरात कांदासुद्धा चिरत नसत. "कुणाची?" बाबांनी विचारलं. ओटीवर आम्ही दोघे. मी अडतीस वर्षांचा, शाळेत हेडमास्तरपदासाठी माझं नाव गेलेलं. नंदू चोवीसचा, बी.कॉम.ला दोनदा गचकलेला. बाबांनी उत्तराची वाट पाहिली नाही. नंदूच्या कानाखाली आवाज निघाला आणि "माझ्या घरात राहू नकोस" हे वाक्यही. नंदू संध्याकाळच्या गाडीने मुंबईला गेला, तिथून इकडे. बाबा चार वर्षांनी वारले, तोवर पोराचं नाव त्यांनी काढलं नाही.

त्या दिवसापासून मी दारू सोडली, असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी ती तीन वर्षांनी सोडली, आणि तीही पित्त उसळायला लागलं म्हणून.

गुरुवार, जो शनिवारी असतो

सकाळी नंदू कामावर गेल्यावर मी एकटाच खाडीवर गेलो. आब्रा म्हणजे इथली तर. लाकडी होडी, मध्ये बाक, कडेला कठडा नावालाही नाही. पन्नास फिल्समध्ये पलीकडे. म्हणजे साडेसहा रुपये, असं मी मोठ्याने म्हटल्यावर शेजारचा माणूस म्हणाला, "नवीन दिसताय. दोन महिन्यांनी गुणाकार सुटतो." तो चिपळूणकडचा निघाला, इमारतींच्या काचा बसवायचा. सुट्टी कधी असते विचारलं तर म्हणाला, "शुक्रवार. इन्शाल्ला."

दुपारी देवळाच्या गल्लीत गेलो. मशिदीमागच्या बोळात झेंडूच्या माळा, नारळ, उदबत्त्यांचा धूर आणि चपलांचा ढीग. माझा गुरुवार होता, उपास होता. दर्शन घेतलं आणि आज संध्याकाळी नंदूला सगळं सांगून टाकायचं ठरवलं. गुरुवारी खोटं बोलायचं नाही हा माझा नेम. उरलेल्या सहा दिवसांबद्दल मी कधी काही ठरवलं नव्हतं.

घरी आलो तो जिन्यातच तळलेल्या बोंबलांचा वास.

"वैशाली, आज गुरुवार ना?"

"हो भाऊजी. म्हणून तर सामंत येतायत जेवायला. उद्या शुक्रवार, सुट्टी."

"पण गुरुवार..."

"आम्ही गुरुवार शनिवारी करतो," ती सहज म्हणाली. "इथे सगळेच करतात. गुरुवारी रात्रीच तर माणसं मोकळी असतात, मग मासे-बिसे कधी खायचे? शनिवारी तसंही कामाचा पहिला दिवस, कुणाला खायची इच्छा नसते. दत्ताला काय, एक दिवस धरल्याशी कारण."

मी देवाच्या वतीने फार दुखावलो. सामंत आले, एका कंपनीत हिशेब बघणारे, रुंद खांद्यांचे, सत्यनारायणाला आल्यासारखे प्रसन्न. त्यांनी तर शास्त्रच सांगितलं. "इथला सूर्य दीड तास मागे, हबीबी. दीड तास मागे जाता येतं तर दोन दिवस पुढे का नाही?" त्यांच्या बायकोने हात जोडून दत्ताच्या तसबिरीवर रुमाल टाकला आणि पहिला बोंबील उचलला.

नंदूने एक बाटली उघडली. त्याला हॉटेलसाठी ही वाइन घ्यायची की नाही ते ठरवायचं होतं, आणि परदेशी पदार्थांवर त्याचा विश्वास नव्हता. चव घ्यायची तर घरच्या ताटावर, असं त्याचं मत. बोलायला लागला तसा हा माझा भाऊ नाहीच असं वाटायला लागलं. लहानपणी पाढे म्हणताना अडखळणारा मुलगा होता तो.

"स्पेनच्या वायव्येला ही होते," तो म्हणाला. "स्पेन म्हटलं की लोकांना ऊन आणि बैल आठवतात. पण हा भाग आपल्यासारखा आहे. धो धो पाऊस, हिरवेगार डोंगर, आणि समुद्र असा आत घुसलेला. खाड्याच खाड्या. द्राक्षांचे वेल दगडी खांबांवर मांडव घालून चढवतात, खालून ओल लागू नये म्हणून. द्राक्षाचं नाव अल्बारिन्यो. कंपनीने एकदा आठ दिवस नेलं होतं. ओहोटीला बायका खाडीत उतरतात आणि वाकून तिसऱ्यांच्या शिंपल्या उकरतात. पाठीमागून बघितलं तर आपल्या भाट्याच्या खाडीवरच्या बायका."

स्पेनला जाऊन भाट्याची खाडी आठवून आलेला हा माणूस भाट्याला मात्र चौदा वर्षं आला नव्हता. मी ताटाकडे पाहिलं. माझ्या ताटात काजूची उसळ आणि बटाट्याची भाजी होती.

"ही जुनी करायची नसते," नंदू सांगत होता. "ताजी असतानाच प्यायची. गार. वास घ्या, लिंबाची साल, कच्चा पीच, आणि मागून खारा वारा."

मग त्याने एकेक पदार्थ घेतला. घोट घ्यायचा, गालांत फिरवायचा, बोंबील खायचा, पुन्हा घोट, आणि मग शेजारच्या स्टीलच्या पातेल्यात थुंकायचं. सामंत तेवढ्या वेळात गिळत होते आणि थुंकलेल्या प्रत्येक घोटाकडे बुडालेल्या होडीकडे बघावं तसं बघत होते. रव्यात तळलेले बोंबील : उत्तम, आंबटपणा तेल कापतो. ओल्या खोबऱ्यातलं तिसऱ्यांचं सुकं : याच्यासाठीच ही जन्माला आली. सोलकढी : नको, दोन आंबट एका घरात नांदत नाहीत. खेकड्याचा रस्सा : तिखट आणि दारू एकमेकांना चिथावतात, जीभ भाजते. लोणचं : खून.

"आणि काजूची उसळ?" वैशालीने विचारलं.

नंदूने माझ्या ताटातून चमचाभर उचलली. घोट घेतला. थांबला. "अरे! खोबरं आणि काजू, दोन्ही गोड. हिला हेच पाहिजे. दादा, तुझं गुरुवारचं ताट पहिल्या नंबरात आलं."

"दादांना एक घोट द्या मग," सामंत म्हणाले.

"मी घेत नाही," मी म्हणालो. "आणि आज गुरुवार आहे."

"हो हो, तुम्ही अध्यक्ष! विसरलोच." सामंतांनी मांडीवर थाप मारली. "आमच्या मामेभावाने तुमचं भाषण ऐकलंय, खेडला. रडला म्हणे. तुम्ही धाकट्या भावाचं उदाहरण देता ना? दारूपायी घर सुटलं, बापाला अग्नी द्यायला आला नाही, वगैरे. काय झालं हो त्याचं पुढे?"

सामंतांना एकच भाऊ समोर दिसत होता आणि तो काही दारुडा नव्हता, त्यामुळे मला दुसराही एखादा असावा असा त्यांचा समज.

होय. मी ते उदाहरण द्यायचो. नाव न घेता. आवाज थोडा कापरा करून. आठ वर्षं, तालुक्यातालुक्यांत. त्यावर टाळ्या मिळत नसत, सुस्कारे मिळत. सुस्कारा टाळीपेक्षा वरचढ असतो हे भाषण करणाऱ्यांना सांगायला नको.

नंदूने तोंडातला घोट पातेल्यात टाकला आणि ओठ पुसले.

"गेला असेल वाया," तो म्हणाला. "तिसऱ्या घ्या सामंत, गार होतायत."

शुक्रवार, फुजैराच्या वाटेवर

नंदूने फुजैराला समुद्रावर जायचा बेत आधीच केला होता. सुरमईचे तुकडे मसाला लावून बर्फाच्या पेटीत, सोबत छोटी शेगडी. आता सांगायचं म्हणजे तिथेच सांगायचं, मी ठरवलं. पण धीर होईना. सकाळी सगळे आंघोळी-चहात असताना मी फ्रिज उघडला. कालची बाटली अर्धी उरली होती, बूच लावलेली. मी ती टॉवेलात गुंडाळली आणि पेटीत माशांच्या पिशवीखाली, बर्फात खुपसली. दोन घोट घ्यायचे, जीभ सैल करायची आणि कबूल करायचं, असा बेत. दारू प्यायलो होतो हे सांगण्यासाठी व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष दारू चोरत होता. हे मला त्या वेळी मुळीच विचित्र वाटलं नाही.

गाडी शहराबाहेर पडली. दोन्ही बाजूंना तांबूस वाळू, तारांच्या कुंपणापलीकडे उंट. वैशाली मागे वळून म्हणाली, "भाऊजी, शारजा लागलं. हे तुमच्या समितीचं राज्य. इथे थेंब चालत नाही."

"म्हणजे?"

"पूर्ण बंदी," नंदू म्हणाला. "दुकान नाही, हॉटेलात नाही. गाडीत बाटली सापडली तर आत."

"पण तुझ्याकडे परवाना आहे ना?"

"दुबईचा. इथे तो नुसता कागद."

"आणि... बाटली कुणाची हे कसं ठरवतात?"

"ठरवायचं काय त्यात? गाडी माझी, म्हणजे बाटली माझी. मग नोकरी खलास, व्हिसा खलास." तो हसला. "का रे, आणलीयस की काय?"

वाचकहो, इथे गाडी थांबवायला जागा होती. डावीकडे रुंद मोकळी कड होती, मैलोन्‌मैल. मी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "अजून किती आहे हे शारजा?"

"धैद गावाच्या पुढेपर्यंत. का?"

"सहज."

धैदच्या अलीकडे पोलीस गाड्या थांबवत होते. काय शोधत होते देव जाणे. एक तरुण पोलीस, कडक इस्त्रीचा, नंदूचे कागद बघून मागे आला आणि नंदूला बसल्या जागेवरून डिकी उघडायला लावली. मी काचेतून बघत होतो. त्याने पेटीवर टिचकी मारली.

"शू हादा? ये किसका?"

"मेरा, सर," नंदू म्हणाला. "मच्छी है."

मेरा. किती पटकन म्हणाला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मी वर पाहिलं, गाडीच्या टपाच्या आतल्या बाजूकडे, आणि तिथल्या कापडाची शिवण मोजल्यासारखी बघत राहिलो.

पोलिसाने झाकण काढून हात माशांच्या पिशवीत घातला. हात बाहेर आला तो मनगटापर्यंत लालभडक. आमच्या कोकणी मसाल्याने तो असा रंगवला होता की रंग सगळा हिवाळा जाणार नाही. त्याने बोटं नाकाशी नेली, शिंकला, आणि हसायलाच लागला. "हिंदी मसाला! वल्ला!" वैशालीने खाली उतरून टिश्यूचा डबाच त्याच्या हातात दिला. त्याने झाकण आपटलं आणि हाताने पुढे निघायची खूण केली. "यल्ला, रूह."

पुढे डोंगर आले. उघडेबोडके, करपलेल्या भाकरीच्या रंगाचे, अंगावर गवताची काडी नाही. मसाफीचा बाजार लागला. गालिचे, मातीची भांडी, फळं. नाव शुक्रवार बाजार, पण भरतो आठवडाभर. एरवी मी यावर वैशालीला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी मला कुणाच्याही वाराबद्दल काही बोलायचं नव्हतं.

फुजैराचा समुद्र निळाशार, आणि क्षितिजावर तेल भरून घ्यायला थांबलेल्या जहाजांची रांग, जणू रेशनच्या दुकानासमोर. आम्ही चटई टाकली. नंदूने पेटी उघडली, मासे काढले, आणि त्याचा हात टॉवेलाला लागला. त्याने तो उलगडला.

बाटलीवरून पाणी ठिबकत होतं.

"ही कुणी ठेवली?" वैशालीचा चेहरा पांढरा पडला होता. "अहो, तो पोलीस... रुचा, तू?"

"नॉट मी! व्हाय वुड आय?"

नंदूने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बाटलीकडे. "मीच ठेवली असेन," तो म्हणाला. "काल आवरताना. डोकं ठिकाणावर नसतं."

"तुमच्याकडून? बारा वर्षांत कधी?"

"म्हटलं ना, माझी चूक."

"माझी," मी म्हणालो.

आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडचं एक पठाणी कुटुंब वळून बघायला लागलं. "मी ठेवली. सकाळी. आणि ती पण माझी होती. मखरामागची. ती पण माझीच होती नंदू."

नंदूने शेगडी पेटवली, तवा ठेवला, तेल सोडलं. एकेक तुकडा नीट मांडला. मला वाटलं त्याने ऐकलंच नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला. "तू ती कुठून आणायचास तेसुद्धा माहीत आहे. मला वास लागतो दादा. त्यावरच तर पोट भरतो."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बाबांनी मारलं तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. तू आता बोलशील असं वाटलं. तू आढ्याकडे बघत होतास. आज गाडीतपण बघत होतास, आरशात दिसलं मला." त्याने तुकडा उलटला. "ते आढं बघितल्यावर मला त्या घरात राहावंसं वाटेना. एवढंच."

"मला माफ कर."

"मला सांगून काय होणार? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. आईला सांग. तालुक्यातालुक्यांत सांगतोस, तेवढं घरात सांग." मग पहिल्यांदाच तो थोडा चिडला. "आणि पुन्हा कधी बर्फात अर्धी बाटली आडवी ठेवू नकोस. बुचातून पाणी जातं."

बाटली उघड्यावर काढणंही गुन्हा, परत शारजातून नेणं त्याहून मोठा. त्याने ती वाळूत उपडी केली. तिच्यासाठी याहून चांगली जागा नव्हती : समोर समुद्र, तव्यावर सुरमई, खारा वारा. सगळं जुळून आलं होतं आणि वाळू प्यायली. आम्ही पाणी पिऊन जेवलो. वैशाली माझ्याशी बोलली नाही. परतीच्या वाटेवर तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

शनिवार

सकाळी नऊ, म्हणजे आपल्याकडे साडेदहा. आईची पूजा आटोपलेली असते. फोन माझ्या बायकोने, कुसुमने, उचलला आणि रिसीव्हर आईच्या कानाला लावून धरला. आईला ऐकू येईल असं बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. कबुलीजबाब ओठांतल्या ओठांत देता येतो असं ज्याला वाटतं त्याने कानांनी अधू आईला फोन करून बघावा.

"आई! मखरामागची बाटली माझी होती!"

"काय?"

"बाटली! बाबांना सापडलेली! नंदूची नव्हती! माझी! मी प्यायचो!"

शेजारच्या बाल्कनीत एक मल्याळी गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी ते खाली घेतलं. तिकडे आमच्या ओटीवर, मला नंतर कळलं, समितीचे सचिव माझ्या येण्याची तारीख विचारायला आलेले होते.

मग आई म्हणाली, "नंदूला दे."

नंदू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "हो," म्हणाला. मग पुन्हा "हो". मग त्याचे फक्त खांदे हलताना दिसले. "रुचाला सुट्टी आहे पंधरा दिवस... हो आई. येतो." त्याने रिसीव्हर ठेवून दिला.

"मला नाही दिलास?"

"विचारलं मी. नको म्हणाली." त्याने नाक पुसलं. "म्हणाली, त्याला सध्या तिथेच राहू दे."

उरलेले दिवस

मंगळवारच्या विमानाने ते तिघे गेले. माझ्या व्हिसाचे दिवस शिल्लक होते. वैशालीने गॅस, किल्ली आणि कढीपत्त्याच्या कुंडीबद्दल सूचना दिल्या. बाकी काही बोलली नाही, पण डाळ-तांदूळ कुठे आहेत ते दाखवलं. मी दुबईतल्या त्या घरात एकटा राहिलो.

मी समितीचा राजीनामा पाठवला. समितीने तो एकमताने नामंजूर केला. कुसुमने ठराव फोनवर वाचून दाखवला : अध्यक्षांचा कबुलीजबाब हा चळवळीसाठी अत्यंत प्रेरणादायी असून त्यांनी यापुढील व्याख्यानांत तो अवश्य समाविष्ट करावा. मी दुसरा राजीनामा पाठवला. त्यात लिहिलं की मला आता सुस्कारे नकोत.

आणखी एक सांगायला हवं. फ्रिजमध्ये चार बाटल्या होत्या. गुरुवारी, माझ्या खऱ्या गुरुवारी, सामंतांच्या बायकोने तिसऱ्यांचं सुकं पाठवलं. मी बूच काढायच्या यंत्राशी अर्धा तास झटलो. निम्मं बूच तुटून आत पडलं. पहिला घोट तोंडात घेतला, फिरवला आणि बेसिनमध्ये थुंकला. दुसरा गिळला. नंदूचं बरोबर होतं. ही तिसऱ्यांसाठीच जन्माला आली होती. बाकीची मी ओतून दिली, आणि कुणी विचारायच्या आत चिठ्ठी लिहून फ्रिजला लावली : एक बाटली मी उघडली, एक घोट प्यायलो.

रविवारी दुपारी घरी फोन केला. रुचाने उचलला. "हॅलो काका. आज्जी इज बिझी." तिच्यामागे भांड्यांचा आवाज, नंदूचं हसणं, आणि कुणी तरी पाहुणी. आईचा आवाज सगळ्यांवर. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ती नेहमीच मोठ्याने बोलते.

"हा माझा धाकटा," ती पाहुणीला सांगत होती. "दारूचाच धंदा आहे त्याचा. मोठ्ठा साहेब. पण थेंब घेत नाही हो. थुंकतो."

पाहुणीने काही तरी विचारलं.

"थोरला होय?" आई म्हणाली. "तो दुबईला असतो."

मग म्हणाली, "रुचा, फोन ठेव बाळा, जेवायला बस."